सेकंदाला पंचवीस

“ते झटके आमच्या पोरीचे हो,” दादा बाहेरच्या खोलीत म्हणाले. “मी तिला शंभरदा सांगितलं, लग्नाला असलं काही नको. पण इंग्लिश मीडियमची ना. तिला सगळं सिनेमासारखं पाहिजे.”

मी आत स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभी होते. तहान नव्हती. टीव्हीसमोर बसवेना म्हणून पाण्याचं निमित्त काढून आत आले होते. नवरीची मावशी फ्रीजला टेकून उभी होती, तिनंही ते ऐकलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओट्यावरचं फडकं उचलून उगाच त्याची घडी घातली. बाहेर कोणीतरी हसलं.

दादा म्हणजे मी जिथे काम करत होते त्या फोटो-व्हिडिओ स्टुडिओचे मालक. घर भाईंदरजवळच्या पालीतलं, कोळी ख्रिस्ती कुटुंबाचं. त्या कुटुंबातल्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी घेऊन आम्ही दोघं मीरा रोडहून आलो होतो. दादांची ती पद्धतच होती. पहिली कॉपी दुकानात हातात द्यायची नाही. घरी जायचं, सगळ्यांना बसवायचं, स्वतः रिमोट धरायचा आणि लोकांचे चेहरे बघायचे. चेहरे चांगले दिसले की तिथेच पुढच्या लग्नाचं बोलणं व्हायचं.

त्या दिवशी चेहरे चांगले नव्हते. आणि झटके माझे नव्हते.

मी स्टुडिओत लागले तेव्हा कॉलेज संपून वर्ष झालं होतं. मीरा रोडच्या पूनम सागरला आमच्या बिल्डिंगपासून चालत जाता येईल असा एक गाळा. पुढे पासपोर्ट फोटोचं स्टूल आणि निळा पडदा, मागे प्लायवूडच्या आडोशाला एडिटिंगचा कॉम्प्युटर. “लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी जोडायला घातलं होतं का तुला इंग्लिश मीडियमला?” असं पप्पा रोज नाही, पण दर रविवारी विचारायचे. मला ती प्लायवूडमागची जागा आवडायची. तिथे कोणाशी बोलावं लागत नसे. माझं मराठी घरातलं आणि थोडं पुस्तकातलं. बाहेर मी मराठीत काही विचारलं की समोरचा हिंदीत उत्तर द्यायचा, मग मीही हिंदीवर जायचे आणि दोन वाक्यांत गप्प व्हायचे. लोकांकडे बघणं मला जमायचं. कॉम्प्युटरवर तर लोकांकडे हवा तितका वेळ बघता येतं, आणि ते उलटून विचारत नाहीत.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दादांनी टीव्हीवर एक सीरियल लावली, मग चॅनल बदलून एक जुना हिंदी सिनेमा लावला, मग पुन्हा सीरियल.

“फरक सांग,” ते म्हणाले.

“सीरियलमधल्या सासूची पावडर दिसते.”

“पावडर सोड गं. हलताना बघ. माणसं हलतात कशी ते बघ.”

मी पाहिलं. सीरियलमधली बाई जिना उतरत होती. ती खरोखर आमच्या समोरून जिना उतरत होती, इतकी की तो जिना प्लायवूडचा आहे हेही कळत होतं. सिनेमातली बाई नुसती वळली. पण ती कुठल्यातरी दुसऱ्या ठिकाणी वळली, जिथे आपल्याला जाता येणार नाही.

“ही इथे आहे,” मी म्हणाले, “आणि ती... तिथे.”

दादांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी मोठं काम केलंय. “आजपर्यंत इथे चार पोरं कामाला येऊन गेली. एकालाही हे दिसलं नाही.”

मग त्यांनी समजावलं. पडद्यावर काहीच हलत नसतं, एकामागून एक स्थिर चित्रं दाखवतात आणि हलणं आपला डोळा बनवतो. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रं घेतो. आपला लग्नाचा व्हिडिओ कॅमेरा, किंवा त्या सीरियलचा, सेकंदाला पन्नास वेळा बघतो. दुप्पट वेळा बघितलं की सगळं गुळगुळीत, सगळं हाताशी. “पण डोळ्याला काही काम उरत नाही गं,” ते म्हणाले. “सगळं आयतं दिलं की माणूस बघायचं सोडतो.”

हे वाक्य ते नंतर खूपदा म्हणायचे. चहा पिताना, टेप बदलताना. मी घरी पप्पांनाही ते ऐकवलं होतं, स्वतःचं असल्यासारखं. शाळा-कॉलेजात मला कोणी ‘तुला काय दिसतं’ असं विचारलं नव्हतं. उत्तर काय ते विचारायचे. पहिल्यांदा ज्यानं विचारलं त्याच्यावर मी सगळा विश्वास टाकला. त्यात मला आजही काही चूक वाटत नाही.

पुढच्या वर्षी दादांनी दोन नवे कॅमेरे घेतले. बाजूला एक बारीकसं बटण होतं. ते एका बाजूला सरकवलं की नेहमीचे पन्नास, दुसऱ्या बाजूला सरकवलं की सिनेमाच्या जवळचे पंचवीस. दादा दिवसभर ते बटण इकडून तिकडे करत बसले. दुकानासमोरचा भाजीवाला, रिक्षा, मी, सगळ्यांना पंचवीसमध्ये घेऊन झालं. भाजीवाला दुधी तोलत होता आणि टीव्हीवर तो एखाद्या गोष्टीतला माणूस वाटत होता. “आता लग्नं बंद,” दादा म्हणाले. “आता पिक्चर काढायचे.”

पालीचं लग्न हे त्या कॅमेऱ्यांचं पहिलं मोठं लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी तिथे विहिरीवरून पाणी आणायला वाजतगाजत जातात. ब्रास बँड पुढे, बायका डोक्यावर कळशी घेऊन, आणि बाकी सगळं गाव नाचत मागे, अशी ती वरात. गल्ल्या इतक्या अरुंद की मध्ये स्कूटर आली तर नाचणारे भिंतीला चिकटून नाचतात. दादांनी स्वतःच्या कॅमेऱ्याचं बटण सरकवलं, मग माझ्या हातातला कॅमेरा घेऊन त्याचंही सरकवलं.

सकाळी निघण्याआधी मी दुकानातल्या टीव्हीवर एक गोष्ट पाहिली होती. कॅमेरा हळू असला किंवा स्थिर असला तर पंचवीस सुंदर दिसतात. पण कॅमेरा झपकन फिरवला की चित्र अडखळतं. दोन चित्रांमधलं अंतर इतकं मोठं पडतं की डोळ्याला ते जोडता येत नाही. आणि वरातीत दादा कॅमेरा फिरवल्याशिवाय राहणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

“दादा,” मी म्हणाले, बँडच्या आवाजात मला दोनदा म्हणावं लागलं, “नाच आहे तोवर पन्नासवर घेऊया का? घरातलं मग पंचवीसवर.”

“काय गं, तू पण सीरियलवाली झालीस?” ते हसले आणि ट्रम्पेटवाल्याच्या मागे धावले.

मी नाचातून बाजूला झाले आणि घराकडे परत आले. नवरीचे वडील दारात उभे होते. त्यांना गुडघ्यामुळे चालवत नव्हतं, म्हणून ते वरातीला गेले नव्हते. बँडचा आवाज विहिरीकडे लांब गेला होता. ते चौकटीला हात लावून त्या आवाजाकडे बघत होते, आणि मी कॅमेरा एका कट्ट्यावर ठेवून त्यांच्याकडे. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांनी पायातली चप्पल काढली आणि उगाच पुन्हा घातली. एवढंच. पण दुकानात परत आल्यावर ते मी स्क्रीनवर पाहिलं आणि मला दादांचं सगळं म्हणणं पटलं. तो माणूस तिथे होता. हात लावता येणार नाही इतका तिथे.

नाचाचं मात्र मला वाटलं होतं तेच झालं होतं. एडिटिंग करताना मी दादांना बोलावून दाखवलं. कळशा, हात, ट्रम्पेट, सगळं ठेचकाळत होतं.

“असू दे,” ते म्हणाले. “सिनेमात पण असं होतं.”

“सिनेमात कॅमेरा इतका फिरवत नाहीत.”

“मॅडम, कॅमेरा तुम्ही फिरवला की मी?” हे मात्र प्रेमानं. डीव्हीडीच्या शेवटी त्यांनी माझं नाव घालायला लावलं, त्यांच्या नावाच्या खाली. मला त्याचं अप्रूप वाटलं होतं.

तर आता पालीतल्या त्या बाहेरच्या खोलीत काय झालं होतं ते सांगते. वरात सुरू झाली तसा नवरीचा भाऊ उठला, प्लेअर बंद केला, डिस्क काढली, टी-शर्टला पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. त्यानं प्लेअरला वरून एक थाप मारली.

“डिस्क खराब हाय,” तो म्हणाला.

“डिस्क कशाला, बँडवाल्यांना उचकी लागलीय,” एक काका म्हणाले.

“आणि तू बघ कसा नाचतोस. कोणी मागून टाचणी टोचतंय वाटतं,” भाऊ काकांना म्हणाला.

“ए, मी बरा नाचलो होतो! विचार कोणाला पण!”

सगळे हसत होते, नवरीची आई सोडून. ती टीव्हीच्या अगदी जवळ, खाली लादीवर बसली होती. तिची मुलगी लग्नानंतर आठवड्याभरात नवऱ्याबरोबर दुबईला गेली होती. वरात संपून घरातलं आलं, मुलगी आरशासमोर बसली, ओढणी सारखी केली. तिथे एकही झटका नव्हता. तो माझा आवडता भाग होता. आई बघत राहिली आणि म्हणाली, “ही जवळ असल्यावानी वाटत न्हाय.”

“आंटी, सिनेमासारखं केलंय,” दादा म्हणाले.

“सिनेम्यासारखं कशाला? ती काय गेलेली माणूस हाय? दुबईला हाय ती. फोन करते रोज.”

मी पाणी मागून आत गेले. आणि मग दादांनी ते झटके माझे आहेत म्हणून सांगितलं.

आंटींचं म्हणणं मला तेव्हाच लागलं होतं, कारण ते खरं होतं. जे मला सुंदर वाटत होतं तेच त्यांना दूर नेत होतं. त्यांना मुलगी खोलीत हवी होती, त्या लादीवर, शेजारी. पन्नास चित्रांनी ती आणून बसवली असती. कमी चित्रांचा सिनेमा चांगला की जास्त चित्रांचा, यावर नंतर मी खूप वाचलं, लोकांची भांडणं ऐकली. त्यात कोणी आंटींसारखं बोललं नाही. मी अजूनही पंचवीसच्या बाजूची आहे, पण आंटींना चूक म्हणायची माझी तयारी नाही. हे सगळं दादा तिथे सांगू शकले असते. “आंटी, माझं चुकलं, मला असं आवडतं म्हणून मी असं केलं,” एवढं. त्यांनी मला पुढे केलं.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. भाईंदर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

“राग आला काय?”

“नाही.”

“अगं, धंद्यात असं बोलायला लागतं. तुझं काय जातंय? तू उद्या कुठल्या चॅनलला लागशील. मला इथलीच लग्नं करायचीयत. पाली, उत्तन, डोंगरी. एका घरात नाव गेलं की रविवारी चर्चबाहेर सगळ्यांना कळतं.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात, सगळं आयतं दिलं की माणूस...”

“ते आपलं आपल्यात गं,” ते म्हणाले. “टाइमपास. लोकांना काय त्याचं.”

मला त्यांच्या खोटं बोलण्याचं इतकं वाईट वाटलं नाही जितकं या शब्दाचं वाटलं. मी जे पप्पांशी भांडून धरून ठेवलं होतं ते त्यांच्या लेखी दुपारचा टाइमपास होता. बस वळणावर हलली आणि त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मी बॅग मधे ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी फाइल अंधेरीच्या एका ओळखीच्या माणसाकडे पाठवली. त्याच्याकडे असं सॉफ्टवेअर होतं की दोन चित्रांच्या मधलं, कधी घेतलंच नव्हतं असं चित्र कॉम्प्युटर स्वतः बनवतो. पंचवीसचे पन्नास. तेव्हा ते नवं होतं. पुढे दोनेक वर्षांत मीरा रोडच्या दुकानांत सपाट टीव्ही आले आणि ते हेच काम आपणहून करायला लागले. दुकानात उभं राहून लोक म्हणायचे, “क्या क्लिअर है,” आणि पडद्यावर लहानपणापासून पाहिलेला सिनेमा सीरियलसारखा गुळगुळीत झालेला असायचा. मी एकदा सेल्समनला विचारलं की हे बंद होतं का. “मॅडम, बंद क्यूं करना है? इसी का तो पैसा है.”

अंधेरीहून फाइल आली ती मी दुकानात एकटीनं पाहिली. वरात पुष्कळ सुधारली होती, ते मान्य करते. कळशा पाण्यावरून घसरल्यासारख्या जात होत्या. पण आरशासमोर मुलगी ओढणी सारखी करायला हात उचलायची तिथे बोटं एकमेकांत विरघळायची, क्षणभर सहा व्हायची, मग पाच. न घेतलेली चित्रं बनवताना कॉम्प्युटरला बोटं कुठून कुठे गेली ते कळलं नव्हतं. आणि दारातले अंकल चप्पल काढताना असे तरंगले की मला पुढे बघवेना.

मी दादांना दाखवलं. “हाताला बघा.”

“कोण बघतंय हाताला?” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, कॅमेऱ्याची लेन्स पुसता पुसता, “रविवारी द्यायला जाऊ. तू पण ये. आंटींना एकदा सॉरी बोल, म्हणजे विषय संपला. लहान पोर सॉरी बोलली की लोकांना बरं वाटतं.”

मला तेव्हा नाही म्हणता आलं असतं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसती, हे मलाही माहीत नव्हतं. घरी गेल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, “बोलून टाक, दोन शब्दांनी काय होतंय.” पप्पा टीव्ही बघत राहिले. मी त्या आठवड्यात दोन वाढदिवस आणि एक बारसं एडिट केलं आणि सबंध वेळ मनात ते दोन शब्द म्हणून पाहिले. म्हणता यायचे. पण म्हटले की ते बटण मी सरकवलं असं होणार होतं, पाली-उत्तनमध्ये आणि त्या दुकानातही, आणि नंतर ते मागे घेता आलं नसतं.

रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही पोचलो. सगळे चर्चच्या कपड्यांतच होते. आंटी पुन्हा खाली लादीवर, अंकल खुर्चीत, गुडघ्यावर टॉवेल. दादांनी रिमोट धरला. वरात आली आणि काका ओरडले, “बघा! बघा आता कोण नाचतंय!” भावानं त्यांच्या पाठीत थाप मारली. दादांचा चेहरा खुलला. मला वाटलं हे असंच संपेल, विचारायचं कोणाला सुचणार नाही.

मग आरसा आला. मुलीनं हात उचलला.

“आता जवळ वाटते,” आंटी म्हणाल्या. आणि पुढे वाकून, “पण हाताला काय झालंय गो तिच्या? मागे घे. मागे घे जरा.”

भावानं दादांच्या हातातून रिमोट घेतला आणि मागे नेलं. बोटं विरघळली. त्यानं पुन्हा मागे नेलं.

“ते पण हिचंच काम, आंटी,” दादा म्हणाले, हसत, माझ्या डोक्यावर टपली मारल्यासारखा हात करून. “शिकतेय अजून. काय गं, बोल ना. सॉरी बोल आंटींना.”

सगळे माझ्याकडे वळले. पडद्यावर हात तसाच अडकून राहिला होता.

“मॅडम बोलत न्हाय,” भाऊ म्हणाला. “मॅडम फक्त बघते.”

“गप रे,” आंटी म्हणाल्या. त्यांनी लादीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं की मुलीच्या हाताला काय झालं. “काय गो पोरी? बोल.”

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“आंटी, पंचवीसचं बटण दादांनी लावलं. नाचाच्या वेळी मी नको म्हणाले होते. हाताचंही मी केलेलं नाही, ते अंधेरीला करून आणलंय, मी दादांना दाखवलं होतं. अंकल दारात उभे आहेत ना, ते मी घेतलंय. ते मी होतं तसंच ठेवलं असतं, आणि त्याचं मी सॉरी बोलणार नाही.”